पोपटासाठी पेलेट कसं निवडावं आणि खानदेशच्या उन्हात कसं टिकवावं

सूर्यफुलाची एक बी सोला आणि आतला गर साध्या कागदावर अंगठ्याने चुरडा. क्षणात तेलकट डाग पसरतो. त्या गराचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचंच असतं. रानातला पोपट रोज मैलोन्‌मैल उडतो, त्याला हे तेल जिरवता येतं. पिंजऱ्यातला कॉन्युर (एक छोटा परदेशी पोपट) या दांडीवरून त्या दांडीवर जातो, त्याच्या यकृतात ते साठत राहतं. जळगाव-धुळ्याच्या बाजारात ‘पोपटाचं दाणं’ म्हणून जे मिळतं त्यात राळा, बाजरी, करडई आणि सूर्यफूल असतं. वाटीभर घातलं की पक्षी आवडीचं वेचतो आणि बाकीचं खाली टाकतो. अशा दाण्यांत अ जीवनसत्त्व नावापुरतं असतं आणि कॅल्शियम तुटपुंजं. फॉस्फरस मात्र कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे हाडातलं कॅल्शियम उलट ओढलं जातं.

परिणाम दिसायला वर्ष-दोन वर्षं लागतात, म्हणून ‘आमचा मिठू दाण्यावरच वाढला’ असं सहज म्हटलं जातं. नाकपुडीभोवती चिकट साका, वारंवार शिंका, तोंडात पांढरे चट्टे ही अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची खूण. आफ्रिकन ग्रे या राखाडी पोपटाला अचानक झटके आले तर रक्तातलं कॅल्शियम आधी तपासतात. बजीच्या, म्हणजे बजरीगरच्या, छातीवर चरबीची गाठ आली, चोच वेडीवाकडी वाढली की यकृताची शंका घेतात.

यावरचा उपाय पेलेट, म्हणजे कारखान्यात बनवलेले खाद्याचे दाणे. त्यांत धान्य, कडधान्य, क्षार आणि जीवनसत्त्वं दळून एकजीव केलेली असतात. प्रत्येक दाणा सारखाच, त्यामुळे वेचायला काही उरत नाही. फायदा एवढाच, पण तो मोठा आहे.

पुढचं सगळं बजी, कॉकटील, लव्हबर्ड, कॉन्युर, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी जातींसाठी आहे. आपल्या आंब्या-वडावर दिसणारा, गळ्यात गुलाबी कंठ असलेला हिरवा पोपट आणि त्याचा थोरला भाऊ पहाडी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं तर वनविभागाला कळवा.

आधी पक्षी पाहा

बजी ३० ते ४० ग्रॅमचा, कॉकटील ८० ते ११० ग्रॅमचा, सन कॉन्युर १०० ते १२० ग्रॅमचा आणि आफ्रिकन ग्रे ४०० ग्रॅमच्या वर. चोचीत फरक तसा दाण्यातही हवा. बजीला २ मिलिमीटरचा चुरा लागतो. कॉकटील आणि लव्हबर्डला ३ मिलिमीटरच्या आसपास, कॉन्युरला ४ ते ५. ग्रे पायात धरून खातो, त्याला हरभऱ्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा दाणा आवडतो. दाणा फार मोठा असला की पक्षी एक चावा घेतो, बाकीचा खाली पडतो आणि अर्धं पाकीट ट्रेमधून केरात जातं. फार बारीक असला की मोठ्या पोपटाला तो खाणं वाटतच नाही.

बजी आणि कॉकटील हे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावरचे, गवताचं बी खाणारे पक्षी. त्यांना शंभर टक्के पेलेटवर आणू नका. पेलेट निम्म्याहून थोडं जास्त, म्हणजे ५० ते ६० टक्के, उरलेल्यात राळा-बाजरीसारखं बारीक दाणं आणि भाजी. कॉन्युर आणि ग्रेसाठी ७० टक्क्यांपर्यंत चालतं, बाकी भाजी आणि थोडं फळ. लोरी जातीचे पोपट फुलातला मध खाणारे, त्यांना हे खाद्य नाहीच. त्यांचं वेगळं येतं आणि त्यात लोह कमी ठेवलेलं असतं.

प्रथिनं नेहमीच्या दिवसांत १२ ते १६ टक्के पुरतात. अंडी-पिल्लांच्या काळात १८ ते २० टक्क्यांचं खाद्य देतात. जोडी लावलेली नसेल तर ते आणू नका. पक्ष्याला वाटतं विणीचा हंगाम आला आणि एकटी मादीसुद्धा अंड्यांवर अंडी घालत बसते. वर्सेले-लागा कंपनीच्या न्यूट्रीबर्ड मालिकेत नावातला आकडा प्रथिनांचाच आहे: बी १४ बजीसाठी, जी १४ कॉकटीलसारख्यांसाठी, पी १५ मोठ्या पोपटांसाठी, पी १९ विणीसाठी. दुकानदाराने ‘जास्त आकडा म्हणजे जास्त ताकद’ म्हणून पी १९ पुढे केलं तर परत द्या.

पाकीट उलटं करा

पुढच्या बाजूला पोपटाचं चित्र आणि फळांचे फोटो असतात. ती छपाई आहे. खरं काय ते मागे, बारीक अक्षरांत.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. पहिले तीन-चार घटक म्हणजेच ते खाद्य. मका, गहू, सोयाबीन, ज्वारी, तांदूळ अशी धान्यं-कडधान्यं पहिल्या जागी असणं ठीक आहे. पहिल्या पाचांत साखर, ग्लुकोज सिरप, मोलॅसिस किंवा ‘धान्याचे उपपदार्थ’ असा मोघम शब्द दिसला तर ठेवून द्या. ‘फळांचा अर्क’ शेवटच्या ओळीत असेल तर पुढच्या फोटोतल्या पपईचा त्या दाण्याशी फारसा संबंध नाही, असं समजावं.

मग तक्ता. प्रथिनं आणि स्निग्धांश ‘किमान’ लिहितात, तंतू आणि ओलावा ‘कमाल’. स्निग्धांश ४ ते ८ टक्के हवा. कॉन्युर, बजी, लठ्ठपणाकडे झुकलेला कुठलाही पक्षी, यांना खालची बाजू बरी. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास, १२ च्या वर नको, कारण त्यावर बुरशीला आमंत्रण मिळतं. कॅल्शियम ०.६ ते १ टक्का, आणि ते फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावं. या दोन आकड्यांचं गुणोत्तर स्वतः काढून पाहा. ज्या पाकिटावर कॅल्शियम-फॉस्फरसच लिहिलेले नाहीत, त्याच्यावर पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

ड जीवनसत्त्व ‘डी ३’ या रूपातच हवं, पक्ष्यांना ‘डी २’ चा उपयोग जवळपास होत नाही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन कामाचं नाही, ड जीवनसत्त्व बनवणारे किरण काच अडवते. म्हणून घरातल्या पक्ष्याला खाद्यातलं डी ३ महत्त्वाचं. पण यात एक धोका आहे. अ आणि ड ही दोन्ही जीवनसत्त्वं अंगात साठतात. अ किलोमागे ५,००० ते ८,००० युनिटच्या आसपास असेल तर पुरेसं आहे. असं पेलेट खाणाऱ्या पक्ष्याच्या पाण्यात वरून जीवनसत्त्वाचे थेंब टाकले तर डी ३ जास्त होऊन मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं. मकाऊ हे मोठे पोपट याला फार हळवे. पेलेट सुरू केलं की थेंबांची बाटली बंद, तिथे ‘थोडंसं’ नाही.

टिकवण्यासाठी काय घातलंय तेही वाचा. ‘मिश्र टोकोफेरॉल’ किंवा ‘रोझमेरी अर्क’ असेल तर उत्तम, ते ई जीवनसत्त्व आणि वनस्पतीचा अर्क आहेत. एथॉक्सिक्विन हे रासायनिक टिकाऊद्रव्य टाळा. युरोपीय संघाने पशुखाद्यातला त्याचा वापर २०१७ मध्ये थांबवला.

रंगाबद्दल. लाल-हिरवे-जांभळे दाणे माणसाला आवडतात म्हणून बनवतात, पण अडचण दुसरीच आहे. पोपटाच्या शीटेत तीन भाग असतात: घट्ट विष्ठा, पांढरी खडूसारखी लघवी आणि स्वच्छ पाणी. पांढऱ्या भागावर हिरवट-पिवळी झाक आली की यकृताचा आजार, लाल आलं की रक्त. रंगीत दाणे खाणाऱ्याची शीट रोजच लाल-हिरवी दिसते आणि हा इशारा हरवतो. घरी पाहायचं असेल तर चार दाणे वाटीत घेऊन अर्धी वाटी पाणी घाला आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी गुलाबी झालं तर तो रंग रोज पक्ष्याच्या पोटातून जातो. एकाच कंपनीचा रंगीत आणि बिनरंगी असे दोन्ही प्रकार मिळतात: झुप्रीमचं फ्रूटब्लेंड रंगीत आहे, नॅचरल बिनरंगी. न्यूट्रीबर्डचं पी १५ ट्रॉपिकल रंगीत, ओरिजिनल साधं. हॅरिसन्समध्ये कृत्रिम रंग नसतोच, पण ते महाग पडतं. हट्टी पक्ष्याला पेलेटची ओळख व्हावी म्हणून पहिला महिना रंगीत देणं चालेल. नंतर बिनरंगीवर आणा.

कोंबडीचं खाद्य नको

नवापूर पट्ट्यात आणि तालुक्याच्या बहुतेक गावांत कोंबडीखाद्याची दुकानं आहेत. दिसायला तोच दाणा, भाव पेलेटच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणून मोह होतो. अंड्यांच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, पोपटाला लागतं त्याच्या चौपट-पाचपट, आणि ते मूत्रपिंड खातं. पिल्लांच्या खाद्यात बहुधा रक्ती हगवणीवरचं औषध मिसळलेलं असतं, जे कोंबडीच्या वजनाच्या हिशेबाने घातलेलं असतं. पैसे कमी असतील तर बिनरंगी मध्यम किमतीचं पेलेट निम्मं आणि उरलेलं चांगलं दाणं व भाजी द्या. ते पूर्ण कोंबडीखाद्यापेक्षा कितीतरी बरं.

विकत घेणं आणि टिकवणं: आपल्याकडचा मोठा प्रश्न

थंड देशात बनवलेलं खाद्य भुसावळच्या मे महिन्यात उघडलं जातं. पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर जातो. उष्णतेने तेल खवट होतं, अ आणि ई जीवनसत्त्वं झडतात. दाणा दिसायला जसाच्या तसा राहतो, म्हणून फसगत होते. मग जून संपता संपता पाऊस लागतो, हवा दमट होते, आणि त्याच खाद्याला बुरशी आणि जाळी धरते.

म्हणून आधी तारीख. बनवल्यापासून वर्ष-दीड वर्षाची मुदत असते. मुदतीचे निदान सहा महिने शिल्लक असलेलंच घ्या. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि तारखेचं लेबल असतं, ते मूळ छापील तारखेवर चिकटवलेलं असेल तर घेऊ नका. मोठ्या पोत्यातून काढून साध्या पिशवीत बांधलेलं सुटं पेलेट स्वस्त मिळतं, पण त्याची तारीख, कंपनी, उघडल्याचा दिवस काहीच कळत नाही. ऑनलाइन मागवायचं तर एप्रिल-मे टाळा. पार्सल दोन-तीन दिवस तापलेल्या गाडीत राहतं. फेब्रुवारीच्या अखेरीस उन्हाळ्याचं पाकीट आणून न उघडता फ्रीजमध्ये ठेवलेलं बरं.

केवढं घ्यायचं, याचा हिशेब सोपा आहे. उघडलेलं पाकीट सहा ते आठ आठवड्यांत संपायला हवं. एक कॉकटील दिवसाला ७ ग्रॅमच्या आसपास पेलेट खातो, म्हणजे एक किलो त्याला पावणेपाच महिने पुरेल. त्याच्यासाठी ३०० ते ४०० ग्रॅमचं पाकीट घ्या. आफ्रिकन ग्रे ३० ते ३५ ग्रॅम खातो, त्याला एक किलो महिनाभराचं. ‘तीन किलो घेतलं तर स्वस्त पडतं’ हा हिशेब एका बजीच्या घरात खोटा ठरतो.

घरी आल्यावर पाकीट उघडून नाक लावा. भाजलेल्या धान्याचा वास यावा. जुन्या तेलाचा, ओल्या पोत्याचा किंवा बंद कपाटाचा वास आला तर परत. दोन दाणे पांढऱ्या कागदावर चुरडून पाच मिनिटं ठेवा, गडद तेलकट कडी उमटली तर तेल सुटू लागलंय. तळाशी मूठभर भुकटी असणं वाहतुकीत होतं. भुकटीत धागे दिसले तर मात्र जाळी लागली आहे.

मग एक आठवड्याचं खाद्य छोट्या काचेच्या बरणीत काढा. उरलेलं त्याच्या मूळ पाकिटातच हवा दाबून, क्लिप लावून, वरून हवाबंद डब्यात, फ्रीझरमध्ये. मूळ पाकिटाला आतून अस्तर असतं आणि तारीख त्याच्यावरच असते, म्हणून ते फेकू नका. उणे १८ अंशांवर आठवडाभर राहिलं तर पतंगाची अंडीही मरतात. एक चूक मात्र सगळीकडे होते: फ्रीझरमधून काढल्या काढल्या डबा उघडतात. बाहेरची दमट हवा गार दाण्यावर बसते, दव धरतं आणि दोन दिवसांत बुरशी. डबा बंदच ठेवून चार-पाच तास खोलीत राहू द्या, बाहेरून पुसून कोरडा करा, मग उघडा.

डेझर्ट कूलरची झोत पिंजऱ्यावर येत असेल तर वाटीतला दाणा तासाभरात मऊ होतो. वाटी झोतातून हलवा, आणि उन्हाळ्यात सकाळचं उरलेलं दुपारी काढून टाका. पावसाळ्यात वाटी रोज कोरडी पुसा, ओल्या वाटीत दाणे घालू नका.

बुरशीबद्दल एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. मका आणि शेंगदाण्यावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. भाजून, उकळून ते जात नाही, आणि यकृत हळूहळू नासतं. घरच्या शेतातले म्हणून पोपटाला दिले जाणारे शेंगदाणे पावसात भिजलेले असले तर तेच सर्वांत धोक्याचे. काळे-हिरवे ठिपके असलेला, सुरकुतलेला दाणा निवडून काढणं पुरेसं नाही. अख्खा लॉट द्यायचा नाही.

दाण्यावरून पेलेटवर आणताना

इथे घाई झाली तर पक्षी मरतो. ‘भूक लागली की खाईल’ हे पोपटाच्या बाबतीत खोटं आहे. दाणा म्हणून ओळखतच नसलेल्या वस्तूंनी भरलेल्या वाटीसमोर बजी एक-दोन दिवसांत उपाशी मरू शकतो.

पहिलं साधन वजनकाटा. मोठ्या पोपटाला स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा चालतो. बजीसाठी सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, तो फार महाग नसतो. काट्यावर दांडी किंवा छोटी डबी ठेवून शून्य करा. सकाळी पहिली शीट झाल्यावर, खायला देण्याआधी, रोज त्याच वेळी वजन लिहा. खाद्य बदलण्याआधी आठवडाभर हे करा म्हणजे नेहमीचं वजन कळेल. १०० ग्रॅमचा कॉकटील ९७ वर आला तर लक्ष ठेवा, ९५ वर आला तर एक पायरी मागे जा, ९० च्या जवळ पोचला तर बदल थांबवा, जुनं दाणं द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

दुसरं साधन तळाशी पांढरा कोरा कागद. छापील वर्तमानपत्रावर शीट नीट दिसत नाही. संख्या निम्मी झाली, किंवा घट्ट भाग काळसर हिरवा आणि चिमूटभर झाला तर पक्षी खात नाहीये. वाटी भरलेली दिसते यावर विसंबू नका. दाणं सोललं की फोलपट वाटीतच राहतं, वरून भरल्यासारखं वाटतं. फुंकर मारून पाहा.

पहिला आठवडा पेलेट वेगळ्या वाटीत, रोज बदलून, फक्त ओळखीसाठी. पुढे दाण्याच्या मापात चौथा हिस्सा पेलेट, मग निम्मा, मग पाऊण. प्रत्येक पायरीला एक-दोन आठवडे. कॉन्युर बहुधा महिन्याभरात येतो. जुन्या, दाण्यावर वाढलेल्या कॉकटीलला तीन-चार महिनेही लागतात, आणि त्यात काही बिघडत नाही.

पायरी अडली तर पेलेट मिक्सरमध्ये दळून पूड करा. दाणं किंचित ओलं करून त्यावर ही पूड चोळा. सोलताना ती जिभेला लागते, चव ओळखीची होते. बजीला आरशावर किंवा फरशीवर पसरलेली पूड टिपायला आवडते. माणसांत मिसळलेला पक्षी असेल तर त्याच्यासमोर बसून तुम्ही वाटीतून उचलून खाल्ल्याचं दाखवा. पोपट कळपात पाहून शिकतो. पेलेट गरम पाण्यात भिजवून मऊ केले तर कधी लगेच उचलतो, पण उन्हाळ्यात भिजवलेलं तासाभरात काढा, हिवाळ्यात दोन तासांत.

पिसं झडत असताना, अंड्यांवर बसलेली असताना, आजारपणात आणि नवीन घरी आणल्यावर पहिले दोन आठवडे हा बदल करू नका. पक्ष्यांचा अनुभव असलेले डॉक्टर तालुक्याच्या गावात सहज भेटत नाहीत, म्हणून नाव-पत्ता बदल सुरू करण्याआधीच शोधून ठेवा.

पेलेट खाणारा पक्षी पाणी जास्त पितो, दाणा कोरडा असतो. उन्हाळ्यात पाणी दिवसातून तीनदा बदला. शीटही मोठी, मऊ आणि तपकिरी होते, ते आजाराचं लक्षण नाही.

सोबत काय

रोज मूठभर, म्हणजे पक्ष्याच्या आकाराला साजेशी, ताजी भाजी. शेवग्याचा पाला सर्वांत चांगला, त्यात अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही. मेथी, कोथिंबीर, गाजराचा कीस, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) किसलेली फोड. लाल मिरची बेलाशक द्या, पक्ष्याला तिखट लागत नाही. पालक कधीतरीच, त्यातला ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतो. जळगावची केळी पोपटाला फार आवडते, पण साखर जास्त, म्हणून कॉकटीलला नखाएवढी फोड आणि तीही आठवड्यातून दोनदा. वांग्याचं देठ आणि पानं नको. कांदा, लसूण, अव्होकाडो, चॉकलेट, चहा अजिबात नको. शेव आणि काळ्या मसाल्याची भाजी ताटातून उचलून देण्याची सवय मोडा, एवढं मीठ त्या अंगाला झेपत नाही. दुधात कुस्करलेली पोळी जुनी चाल आहे, पण पक्ष्याला दूध पचत नाही. दादर ज्वारीच्या भाकरीचा बिनमिठाचा तुकडा मात्र चालेल. हरभऱ्याची भिजवलेली डाळ द्यायची तर सकाळी, आणि दोन तासांत उचलायची.

पेलेट निम्म्याहून जास्त असेल तर कटल बोन (माकुळाचं चुनखडीसारखं हाड) लटकवलेलं असू द्या, पण चुन्याची पूड किंवा कॅल्शियमचं औषध वरून घालू नका. सोलून खाणाऱ्या पोपटाला वाळूचे खडेही लागत नाहीत.

पाकीट संपायला आलं आणि दहा-बारा दिवसांचं खाद्य उरलं, तेव्हाच नवीन उघडा आणि दोन्ही मिसळून द्या. त्याच कंपनीच्या दुसऱ्या घाण्याचा वास किंचित वेगळा असतो, कधी रंगही. जुनं साफ संपवून एका सकाळी नुसतं नवीन घातलं तर हट्टी पक्षी वाटीकडे पाठ फिरवतो. त्या दहा दिवसांत वजन रोज लिहायचं.